नावेत कोण बसले आहे?

जॉर्ज केलेब बिंगहॅम या अमेरिकन चित्रकाराने १८४५ साली मिसुरी नदीचे एक चित्र काढले. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन नदीचित्रांचा विषय निघाला की पहिल्या दोन-चार नावांत त्याचे नाव येतेच. पाणी इतके संथ आहे की ओंडका कोरून केलेली लांबट होडी त्यावर अलगद ठेवल्यासारखी दिसते. पलीकडच्या काठाची झाडी धुक्यात अर्धी विरलेली, आकाशात आणि पाण्यात एकच कोवळा उजेड. होडीच्या मागच्या टोकाला वल्हे घेऊन एक म्हातारा बसला आहे. तोंडात पाईप, अंगात रेघारेघांचा सदरा, नजर थेट आपल्यावर रोखलेली आणि तिच्यात स्वागत फारसे नाही. मधे मालाच्या गाठोड्यावर कोपर टेकून एक पोरगा रेलला आहे, त्याच्यापाशी मारलेले बदक. होडीच्या नाळेवर साखळीने बांधलेले एक काळे जनावर आहे, बहुधा अस्वलाचे पिल्लू, आणि त्याचे प्रतिबिंब खाली पाण्यात उलटे उतरले आहे.

चित्रासमोर उभे राहिल्यावर पहिल्यांदा जाणवते ती शांतता, आणि बरेचजण तिथेच थांबतात. बिंगहॅमने स्वतः या चित्राला दिलेल्या नावाचा अर्थ होता ‘फ्रेंच व्यापारी आणि त्याचा मिश्र रक्ताचा मुलगा’. चित्र विकत घेणाऱ्या अमेरिकन आर्ट-युनियन या संस्थेने ते नाव बदलले आणि मिसुरीवरून खाली येणारे फरचे व्यापारी एवढाच मजकूर ठेवला. त्या बदलात बाप-लेकाचे नाते पुसले गेले, आणि त्या नात्याबरोबर चित्रात मुळातच नसलेली एक बाईही पुसली गेली. ती म्हणजे या पोराची आई, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक. जुन्या नावात ती निदान होती. नव्या नावाने राहिले ते दोन व्यापारी, एक नदी आणि छान उजेड. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात लावायला ते सोयीचे झाले. हे चित्र रंगवले जात होते तेव्हा मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे घालवणारा १८३० चा कायदा होऊन पंधरा वर्षे झाली होती. मिसुरीवर आगबोटी धावू लागल्या होत्या आणि ओंडक्याच्या होडीतला व्यापार मागे पडला होता. म्हणजे चित्रातली सकाळ रंगवली जातानाच जुनी झालेली होती.

माझे म्हणणे असे आहे की नदीच्या चित्रातली शांतता कोणीतरी घडवलेली असते, आणि ती कोणाला बाजूला सारून घडली हे विचारल्याशिवाय त्या चित्राचा भाव पुरता कळत नाही. अमेरिकेतल्या कलाभ्यासकांनी आपल्या चित्रांना हा प्रश्न बराच विचारला आहे. आपण आपल्या नद्यांना तो विचारलेला नाही. रायगडच्या किनाऱ्यावर तो विचारण्याजोगी जागा पावलोपावली आहे. अंबा धरमतरच्या खाडीत शिरते, कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते, दक्षिणेला राजपुरीची खाडी आणि त्याखाली महाबळेश्वरच्या डोंगरातून आलेली सावित्री. भरतीचे पाणी या साऱ्यांतून आत मैलोन्‌मैल चढते. एका काठावर डोंगर, दुसऱ्या काठावर भाताची खाचरे, मधे गढूळ, रुंद, सावकाश पाणी. एखाद्या अमेरिकन चित्रकाराला इथे आणून सोडले असते तर त्याने लगेच घोडी मांडली असती.

अमेरिकन नव्हे, पण एक इंग्रज चित्रकार इथे आला होता. सावित्रीच्या मुखावरचा बाणकोट अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांकडे गेला आणि किल्ल्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया झाले. कंपनीच्या नोकरीतला जेम्स फोर्ब्ज त्याच शतकाच्या उत्तरार्धात या खाडीने वर दासगावपर्यंत आला. महाडजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांची त्या काळी मुंबईच्या इंग्रजांत ख्याती होती, प्रकृतीसाठी मंडळी तिथे जात. फोर्ब्जला चित्रकलेचा नाद होता, पुढे १८१३ साली त्याने आपल्या आठवणींचे चार खंड छापले. दासगाव आणि परिसराबद्दल त्याने जे लिहिले त्यात या प्रदेशाचे कौतुक आहे, आणि ते खोटे नाही. दासगावच्या बंदरावर उभे राहिले की आजही ते पटते. नदी तिथे चांगली रुंद आहे, समोरचे डोंगर पाण्यात उतरतात, ओहोटीला काठचा चिखल चकाकतो. पण फोर्ब्ज तिथे पाहुणा होता. त्याची होडी कोणी अडवणार नव्हते. गरम पाण्याच्या झऱ्यात उतरायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. नदीकडे नुसते पाहत बसण्याची चैन ज्याला परवडते, त्याचे पाण्याशी काही अडलेले नसते.

आता त्याच पाण्यावरची दुसरी बोट. २४ डिसेंबर १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोनशे सत्याग्रहींबरोबर मुंबईहून ‘पद्मावती’ या बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले. महाडला जायचा नेहमीचा रस्ता धरमतरवरून होता. तो सोडून दासगावचा मार्ग धरायचे कारण निसर्गसौंदर्य नव्हते. धरमतर-महाड रस्त्यावरचे मोटारवाले ऐनवेळी अस्पृश्यांना गाडीत घ्यायचे नाकारतील अशी धास्ती होती. दासगावहून महाड पाच मैल, ते पायी चालून जाता येत होते आणि पायांना कोणी नाही म्हणू शकत नव्हते. बंदरावर आधीच हजारोंनी लोक जमले होते. तिथून ते घोषणा देत महाडला गेले आणि त्याच रात्री तिथे मनुस्मृती जाळली गेली.

त्याआधी, त्याच वर्षी २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक पाणी प्यायले होते. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे जाहीर केले होते, आणि तरी प्रत्यक्षात ओंजळ बुडवायला १९२७ उजाडावे लागले. त्या ओंजळीनंतर गावात मारहाण झाली आणि तळ्याचे शुद्धीकरण झाले. डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जायचे ठरले तर कोर्टाचा मनाई हुकूम आला. परिषदेला हिंदू मालकाची जागा मिळाली नाही, एका मुसलमान गृहस्थाच्या जागेत मंडप पडला. हायकोर्टातला अंतिम निकाल यायला १९३७ साल लागले.

फोर्ब्जची होडी आणि पद्मावती, मधे दीडशे वर्षांचे अंतर, नदी तीच. पण मला वाटते सावित्रीचे निसर्गचित्र ज्याला म्हणता येईल ते या दोन बोटी एकत्र धरल्यावरच पुरे होते. नदीवर तरंगायला मोकळीक आणि पाचच मैलांवरच्या तळ्याला हात लावायला मज्जाव, हे त्या खोऱ्याचे वास्तव होते. डोंगर जितके खरे तितकेच तेही खरे. फक्त डोंगर डोळ्यांना दिसतात आणि मज्जाव दिसत नाही, म्हणून डोंगर चित्रात येतात.

यावर कोणी म्हणेल की चित्राला चित्र राहू द्या, त्यावर इतिहासाचे ओझे कशाला? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही, कारण ज्या चित्रात नुसताच निषेध आहे आणि पाण्याकडे नजर नाही ते मलाही नको आहे. पण चांगल्या चित्रकारांनी हा भार स्वतःहून उचललेला दिसतो. थॉमस कोलचे १८३६ चे कनेक्टिकट नदीच्या वळणाचे चित्र घ्या. डावीकडे वादळ, मोडलेली झाडे, काळे ढग. उजवीकडे उन्हात धुतलेली शेते, आखीव बांध, मधे नदीचा मोठा वळसा. अर्धे रान, अर्धी शेती. आणि खाली मधोमध, खडकांत जवळजवळ लपलेला, टोपी घातलेला चित्रकार स्वतः, कुंचला हातात, मान वळवून आपल्याकडे बघणारा. आपण कुठे बसून पाहतो आहोत हे त्याने लपवले नाही. या रानाचे शेत होणार, त्यात काही मिळणार आणि काही जाणार, हा प्रश्न त्याने उघडा ठेवला. चित्र म्हणून ते थोर आहे याचे अर्धे श्रेय मी त्या उघडेपणाला देतो. बिंगहॅमनेही म्हाताऱ्याची नजर आपल्यावर रोखून हेच साधले आहे. नाव बदलणाऱ्यांना ती नजर मात्र बदलता आली नाही.

मार्टिन जॉन्सन हीड हा तिसरा. याने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीची शंभराहून जास्त चित्रे काढली. सपाट, हिरवी-पिवळी जमीन, तिच्यातून नागमोडी शिरलेले भरतीचे पाणी, आणि ठिकठिकाणी गवताच्या गोलसर गंज्या. त्या गंज्या जमिनीवर टेकलेल्या नाहीत, भरतीचे पाणी खालून निघून जावे म्हणून त्या लाकडी खुंटांवर रचलेल्या असत. अलिबाग-पेणच्या माणसाला ही चित्रे दाखवली तर त्याला ती परकी वाटणार नाहीत. ही तर खारजमीनच आहे.

आपल्या खारजमिनीचीही एक शांतता आहे आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ साली संप पुकारला. नारायण नागू पाटील पुढारी होते. शेतकऱ्याने राबावे, पीक निघाल्यावर खोताने आपला वाटा उचलावा आणि वर नाना तऱ्हेच्या पट्ट्या वसूल कराव्यात, हा रिवाज होता. कुळांनी ठरवले की जमीन कसायचीच नाही. १९३९ पर्यंत ती पडीक राहिली. खाडीवर मासे धरून, लाकडे तोडून, मिळेल ती मोलमजुरी करून लोक जगले. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच साली पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केले. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडले.

त्या वर्षांत मुंबईचा एखादा निसर्गचित्रकार तिथे गेला असता तर त्याला काय दिसले असते? मोकळी, विस्तीर्ण जमीन. नांगर नाही, लावणीची लगबग नाही, बायकांची गाणी नाहीत. खाचरांत वाढलेले रानगवत, त्यावर उतरलेले बगळे, मागे कनकेश्वराचा डोंगर, संध्याकाळचे ऊन. त्याने मनापासून, हात न कापता, एक शांत चित्र काढले असते आणि ते चित्र एका संपाचे असते. रंगवलेल्या शांततेकडे बघताना मला सारखे हे चरीचे शेत दिसते. शेत स्वस्थ पडून होते कारण माणसांनी पोटाला चिमटा काढून ते तसे ठेवले होते. ही गोष्ट ठाऊक असणाऱ्याला ते चित्र भरून येण्याइतके मोठे वाटेल आणि ठाऊक नसणाऱ्याला फक्त सुंदर.

आज याच पट्ट्यात उलटा प्रकार चालू आहे. खाडीकाठची भातशेती ही मुळात समुद्राकडून मिळवलेली जमीन. बाहेरचा मोठा मातीचा बांध, ज्याला लोक बाहेरकाठा म्हणतात, भरतीचे पाणी थोपवतो. त्यात जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर पडते आणि भरती चढली की झाप आपोआप मिटते. पिढ्यान्‌पिढ्या गावकरी एकत्र येऊन हा बांध राखत. पावसाळ्याआधी माती टाकायची, खेकड्यांनी पाडलेली भोके बुजवायची, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन फेरी मारायची. मग १९४८ चा आणि पुढे १९७९ चा खारजमिनीचा कायदा आला, काम सरकारी खात्याकडे गेले, तरणी पोरे कारखान्यांत आणि मुंबईला गेली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडते. वेळेत बुजवली नाही तर ती रुंदावत जाते, खारे पाणी शेतात येते, परत जाते, पुन्हा येते. पहिल्या वर्षी भात करपते. मग माती पांढरी पडते. दोन-चार पावसाळ्यांनी चिखलातून तिवराची बोटभर रोपे वर येतात, आणि पाहता पाहता माणसाच्या डोक्याइतकी उंच झाडी होते. वाकून पाहिले तर तिच्या मुळांत अजून जुन्या बांधाची सरळ रेघ दिसते. निसर्गात इतकी सरळ रेघ सहसा नसते. चिखलात निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळांत पळतात, आणि त्या बिळांखाली कोणाच्या तरी आजोबाचे खाचर आहे. सातबाऱ्यावर तिथे अजून भात आहे.

कांदळवनांना हात लावायला हायकोर्टाची सक्त मनाई आहे आणि ती असायलाच हवी. समुद्राच्या माऱ्यापासून किनारा राखणारी झाडे आहेत ती, माशांची पैदास तिथे होते. मला झाडांविरुद्ध काही म्हणायचे नाही. पण मुंबईहून रो-रोने मांडव्याला उतरून आलेला प्रवासी त्या हिरव्या पट्ट्याला अस्पर्श निसर्ग समजून फोटो काढतो, तेव्हा तो बिंगहॅमच्या चित्राचे नाव बदलणाऱ्यांचेच काम पुन्हा करत असतो. कोलच्या चित्रात रानाचे शेत होत होते. इथे शेताचे रान झाले आहे. दोन्हीकडे कोणाचे तरी घर बदलले, आणि दोन्हीकडे दुरून पाहणाऱ्याला ते कळत नाही.

आपल्या चित्रकारांचे काय? आपल्याकडे निसर्गचित्रणाची परंपरा कमी नाही. मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ पासून आहे. आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचे कोटितीर्थ पुन्हा पुन्हा रंगवले आणि एका तळ्यातून किती ऋतू काढता येतात हे दाखवले. हळदणकर, परांडेकर यांनी जलरंगांत जे साधले ते कोणत्याही देशाच्या चित्रकाराने मान लववावी असे आहे. तरीही कोकणचे निसर्गचित्र म्हटले की डोळ्यांपुढे माड, होडी आणि मावळतीचा सूर्य उभा राहतो, दिनदर्शिकेवर बारा महिने तेच. होडी नेहमी किनाऱ्याला लागलेली आणि रिकामी. कोळी गेला कुठे, हे कोणी विचारत नाही. या रिकाम्या होडीचा मला राग येतो. जी होडी रात्री दोनला भरतीच्या हिशेबाने निघते, जिच्यात चौघे-पाचजण जाळे ओढतात, तिला शोभेची वस्तू करून टाकणे हा त्या माणसांचा अपमान आहे.

याच किनाऱ्यावर अलिबागपासून जवळ सासवने आहे, शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचे गाव. १८९१ चा जन्म. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ चा. सासवन्याच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. तिथे जाऊन त्यांची शिल्पातली कोळीण बघावी. तिच्यामागे समुद्र नाही, माड नाही, सूर्य नाही. अंगाची घडण, उभे राहण्याची ठेवण, चेहऱ्यावरचा आपल्या कामाचा आणि आपल्या जागेचा भरवसा. समुद्र न दाखवता तो तिच्यात आहे. शिल्पकाराला निसर्ग घडवण्याची सोय नसते, त्याला माणसापाशीच थांबावे लागते, हे खरे. तरी निसर्गचित्रकारांनी वगळलेले सारे एकट्या करमरकरांनी सांभाळून ठेवले असे मला त्या खोलीत वाटते. आपल्याकडे नदी चित्रकाराकडे आणि माणूस शिल्पकाराकडे अशी वाटणी झाली. ती एकत्र आणणारा अजून यायचा आहे.

दासगावची आणखी एक बाजू आहे. २६ जुलै २००५ च्या आसपासच्या पावसात महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. जुई, रोहन, कोंडिवते आणि दासगाव या गावांवर डोंगर उतरले आणि माणसे गाडली गेली. ज्या डोंगरउतारांनी सावित्रीच्या दृश्याला उठाव येतो त्यांच्यापैकीच ते. कोलच्या चित्रात टेकडी ही चित्रकाराची बैठक आहे, तिच्यावर बसून तो खालचे जग पाहतो आणि टेकडी आपली जागा सोडणार नाही असे गृहीत धरतो. दासगावच्या लोकांना ते गृहीत धरता येत नाही. पावसाळ्यात ते डोंगराकडे बघतात ते वेगळ्या डोळ्यांनी.

म्हणून माझी मागणी अगदी सरळ आहे. मुंबई-पुण्याच्या कलाशाळांतली मुले दरवर्षी निसर्गचित्रणासाठी बाहेर पडतात. त्यांना घाटावर, किल्ल्यावर, नदीकाठच्या देवळांशी नेतात. त्यांना एक वर्ष दासगावच्या बंदरावर न्यावे आणि आधी तिथल्या माणसांशी बोलू द्यावे. पद्मावती त्या पाण्याने आली होती, तिचे रंगातले चित्र मला कुठे भेटलेले नाही. महाडच्या सत्याग्रहाची चित्रे आहेत, पुतळे आहेत, त्यांत तळे येते, सभा येते, ओंजळ येते. नदी येत नाही. ज्याला बिंगहॅमच्या तोडीचे काम करायचे आहे त्याच्यासाठी विषय तयार आहे. पौषातला थंड उजेड, पाण्यावर धुके, समोरचे डोंगर, आणि दोनशे माणसांनी भरलेली बोट. त्यातल्या काहींनी तरी काठाकडे थेट पाहायला हवे. आणि त्यांना चेहरे हवेत, गर्दी म्हणून ठिपके नकोत. त्यापायी नदीला कागदावर थोडी कमी जागा मिळाली तरी हरकत नाही.